कव्हर करून झालं का?

मराठीत हल्ली एक क्रियापद घुसलंय – ‘कव्हर करणं’. पूर्वी कव्हर वहीला घालत, गादीला घालत, फार तर ट्रंकेला. आता लोक गावं कव्हर करतात. ‘आठ दिवसांत पाच देश कव्हर केले!’ असं सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जग जिंकून आलेल्या सिकंदराचं तेज असतं. या क्रियापदाशी माझं भांडण आहे आणि ते जुंपलं फ्रान्सच्या किनाऱ्यावर.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त पॅरिसला असतात. जून महिन्यात आम्हा उभयतांना नॉर्मंडीचा किनारा दाखवायला त्यांनी भाड्याची मोटार घेतली. दिवस एक, ठिकाणं पाच, अंतर साडेचारशे किलोमीटरहून अधिक. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिलेली. मी पुढच्या उजव्या सीटवर, म्हणजे आपल्याकडे जिथं ड्रायव्हर बसतो तिथं. समोर स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही. तरी प्रत्येक चौकात मी ब्रेक दाबतच होतो.

पहिलं ठिकाण एत्रेता. खडूसारखा पांढराशुभ्र कडा आणि त्याला लाटांनीच पाडलेली भली थोरली कमान. क्लोद मोने हा चित्रकार हा कडा रंगवायला इथं पुन्हा पुन्हा येत असे. उजेड बदलला की त्याच्यासाठी कडाही बदलायचा! आमच्या यादीत त्याच कड्याला चाळीस मिनिटं होती, त्यातली पंधरा पार्किंग शोधण्यात गेली.

दुसरं ऑंफ्लर. तिथं सेंट कॅथरिनचं लाकडी चर्च आहे. पंधराव्या शतकात जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी ते बांधलं, म्हणून छत थेट उलट्या घातलेल्या होडीसारखं. मी मान वर केली, तोच चिरंजीव म्हणाले, “बाबा, फोटो काढलाय. घरी गेल्यावर निवांत बघा.” आता मला सांगा, घरीच निवांत बघायचं होतं तर डोंबिवलीहून इतक्या लांब मान कशाला आणली?

दोन वाजून दहा मिनिटांनी एका खेड्यातल्या खाणावळीपाशी थांबलो. मालकिणीनं हसून हात हलवला. दुपारचं जेवण बारा ते दोन, पुढं चूल बंद. चिरंजीव संतापले, “गिऱ्हाईक दारात आलंय आणि या बाईला धंदा नको!” मला मात्र ती बाई एकदम आवडली. दोन तास स्वस्थ बसून जेवायचं असतं, हे ज्यांना कळतं त्यांना काही कव्हर करावं लागत नाही. आम्ही डिकी उघडून उभ्याउभ्या पाव आणि चीज खाल्लं. वेळ वाचला म्हणे. वाचलेला वेळ कुठं ठेवला, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

तिसरं ठिकाण बायो गावाजवळची युद्धस्मशानभूमी. १९४४च्या त्या लढाईतल्या साडेचार हजारांहून अधिक सैनिकांची थडगी; त्यांत जर्मनही आहेत. यादीत वेळ वीस मिनिटं. आमची ही पहिल्या रांगेत शिरली आणि वाकून एकेक दगड वाचायला लागली. नाव, हुद्दा, तारीख, वय. एकोणीस. बावीस. वीस. पुन्हा एकोणीस. काही दगडांवर खाली घरच्यांनी लिहिलेली ओळ.

“आई, चल ना, उशीर होतोय.”

ती वळली नाही. एवढंच म्हणाली, “अरे, वीस मिनिटांत कितीजणांचं वाचून होईल?”

चिरंजीवांनी घड्याळाकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांचं वय एकतीस. ते गप्प उभे राहिले आणि थोड्या वेळानं दुसऱ्या रांगेत जाऊन वाचू लागले. आम्ही निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते.

आरोमांशला पोचलो. त्या जूनमध्ये इंग्लंडहून समुद्रातून ओढत आणून इथं एक अख्खं बंदर उभं केलं होतं. त्याचे काँक्रीटचे प्रचंड ठोकळे अजून पाण्यात आहेत. ओहोटी लागली होती. पाणी हळूहळू मागं सरत होतं आणि एकेक ठोकळा उघडा पडत होता. ओहोटीला घाई करता येत नाही. तिघेही वाळूत बसून राहिलो. रात्री मुक्कामही तिथंच केला. मों सॅं मिशेल राहिलं ते राहिलंच.

तुम्ही म्हणाल, एवढा पैसा खर्चून गेल्यावर जास्तीत जास्त पाहायला नको? का पाहायला हवं? लग्नाच्या पंगतीत भरघोस आहेर केला म्हणून कुणी जिलब्या खिशात भरत नाही. पोटाला कळतं तेवढं डोळ्यांना का कळू नये? आणि माणूस पुन्हा येणार नाही म्हणून सगळं उरकायचं, हेही मला पटत नाही. पुन्हा येणार नाही, म्हणूनच तर बसायचं!

अर्थात पोराला दोष किती देऊ? तो आठ वर्षांचा असताना दोन दिवसांत अष्टविनायक ‘करवून’ आणणारा बाप मीच. ओझरला तो तळ्याकाठी रमला होता, त्याला दंडाला धरून गाडीत मीच कोंबलं होतं. बियाणं आमचंच.

परतल्यावर शेजारच्या नानांनी विचारलं, “मों सॅं मिशेल नाही पाहिलंत? मग केलंत काय दिवसभर?”

ही आतून म्हणाली, “बसलो होतो.”

नाना अजून आमच्याकडे दयेनं बघतात.