हवेतली वीज आणि आपला हिशेब

'हवेतून चोवीस तास फुकट वीज!' असा मजकूर आपल्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. आपण 'सुभानल्लाह' म्हणतो आणि पुढे पाठवतो. सुभानल्लाह जरूर म्हणावं, पण त्यानंतर हिशेबही मांडावा, असं माझं मत आहे.

मूळ बातमी खरी आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले जुन याओ आणि डेरेक लव्हली यांनी जिवाणूंपासून मिळालेल्या प्रथिनांच्या अतिसूक्ष्म तारांचा पापुद्रा बनवला. प्रथिन म्हणजे निसर्गाचं पॉलिमरच. पापुद्र्याची वरची बाजू हवेतली ओल शोषते, खालची त्यामानाने कोरडी राहते. या फरकामुळे विद्युतभार सरकतो आणि वीज मिळते. पुढच्या वर्षी चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठात पॉलिमरच्या दुहेरी थरातून २५ टक्के आर्द्रतेत ०.९५ आणि ८५ टक्क्यांना १.३८ व्होल्ट मिळाले. म्हणजे वाशिमच्या कोरड्या उन्हाळ्यातही हे तत्त्व अगदीच बंद पडणार नाही.

आता हिशेब. अमेरिकेतल्या पापुद्र्याने दिले ०.५ व्होल्ट आणि दर चौरस सेंटिमीटरला १७ मायक्रोअँपिअर. सरळ गुणाकार करून उदारपणे धरलं, तरी एका चौरस मीटरला ०.०८५ वॅट. नऊ वॅटच्या एलईडी बल्बला शंभर चौरस मीटरहून जास्त पापुद्रा लागेल. पाच एचपीच्या मोटरला दहा एकरांहून जास्त! हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री उठणाऱ्या आपल्या शेतकऱ्याची यातून सुटका नाही.

मग संशोधन वाया गेलं का? मुळीच नाही. जमिनीतली ओल मोजणाऱ्या छोट्या यंत्राला थेंबभर वीज पुरते आणि ती रात्रीही मिळते. थर एकावर एक रचले, तर आकडे वाढतीलही.

माझी काळजी वेगळी आहे. दहावीच्या मुलाला व्होल्ट-अँपिअर पाठ असतात, पण फॉरवर्ड वाचताना ते आठवत नाहीत. उर्दूतलं 'रतूबत' आणि मराठीतलं 'आर्द्रता' पुस्तकातच राहतात. घरात मात्र 'नमी' आणि 'ओल' सगळ्यांना कळते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी का सुटतं, इथून शिक्षकांनी सुरुवात करावी. दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या टोकाला ओलं फडकं आणि एक तक्ता, एवढ्यावर वर्गातली आर्द्रता मोजता येते.

ज्याने एकदा स्वतः मोजलं, त्याच्या दारात उद्या कुणी 'फुकट विजेचं' मशीन विकायला आलं, तर तो आधी विचारेल, "किती वॅट?" हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यात ऐकू यायला हवा.