बादली किती सेकंदांत भरते?

ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरी नळजोडणी देणारे देशातले पहिले राज्य म्हणून ऑक्टोबर 2020 मध्ये गोव्याचे नाव झाले. तो मान खराच होता. पण पेडणे-डिचोलीत चढावर राहणाऱ्याला विचारा, जोडणी आणि पाणी यांत किती अंतर असते ते. तक्रार केली की उत्तर ठरलेले: लाइनला दाब आहे.

असेलही. नळ बंद असताना दाबमापकाचा काटा सर्वांत वर असतो आणि पाणी शून्य! टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असली की काटा चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो दाब दाखवतो. नुसत्या सूत्राने हिशेब केला तर एवढ्या दाबाला अर्धा इंची तोंडातून मिनिटाला शंभर लिटर उसळायला हवेत. मधे 40 मीटर जुना लोखंडी नळ असला, तर पाणी वाहू लागताच तो दाब नळाच्या अंगाशी घासून वाटेतच खर्च होतो आणि हाती येतात जेमतेम 15 लिटर. दाब दुप्पट केला तरी पाणी दीडपटही होत नाही. त्याऐवजी पाऊण इंची नळ टाका, त्याच दाबाला दुपटीहून अधिक मिळेल. म्हणून लांबी, जाडी आणि चढ विचारल्याशिवाय नुसत्या दाबावरून पाण्याचा अंदाज सांगणे मला अन्यायाचे वाटते.

तिळारी धरणाचे पाणी कालव्याने चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पात येते, शुद्ध होऊन पेडण्यात फिरते. तिथून किती पाणी सोडले याची नोंद हवीच. पण वाडीतल्या शेवटच्या, सर्वांत उंच घरी बादली भरायला किती सेकंद लागले, याचीही नोंद मीटर वाचणाऱ्याने ठेवावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा. पाच जणांच्या घराला 275 लिटर. दहा लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर अठरा-एकोणीस मिनिटांत काम होते. तिलाच 200 सेकंद लागले तर दीड तास लागतो, आणि पाणी तासभरच येत असेल तर निकष तिथेच मोडला.

लाइनलाच पंप जोडणारे पुढच्या घरांचे पाणी ओढून घेतात. या आठवड्यात पाणी आले की घड्याळ घेऊन बादली लावा, सेकंद लिहून ठेवा. शेजारचा पंप सुरू झाला की पुन्हा एकदा मोजा.