वर्ष खंडले, व्रत खंडू नये

भाषेचे शिक्षण वर्गात सुरू होते. पण ते पूर्णत्वास जाते बाजारात, बसथांब्यावर आणि परक्या घरातील जेवणाच्या टेबलावर. ब्रिटनमधील विद्यापीठांनी हे सत्य आपल्या अभ्यासक्रमातच गुंफले आहे. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन किंवा अरबी घेऊन पदवी संपादन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम तेथे साधारणतः चार वर्षांचा असतो आणि त्यातील तिसरे वर्ष बहुधा त्या भाषेच्या देशात व्यतीत करायचे असते. कोणी तेथील विद्यापीठात शिकतो, कोणी एखाद्या कचेरीत उमेदवारी करतो, तर कोणी ब्रिटिश कौन्सिलच्या योजनेतून तेथील शाळेत इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक होतो. दोन वर्षे व्याकरण घोटलेला विद्यार्थी त्या एका वर्षात बोलता होतो. म्हणूनच ते वर्ष मोडले, तर केवळ वेळापत्रक बिघडत नाही. पदवीचा कणाच दुखावतो.

२०२० ते २०२२ या अल्पशा काळात हा कणा एकदा नव्हे, तीनदा दुखावला. ९ मार्च २०२० रोजी इटलीने देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. १४ मार्चला स्पेनमध्ये आणीबाणीची स्थिती घोषित झाली आणि १७ मार्चपासून फ्रान्स घरात बंद झाला. त्याच दिवशी ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने अनावश्यक परदेशप्रवास टाळण्याचा सल्ला दिला. विशी-एकविशीतील मुलामुलींना काही तासांत निर्णय घ्यावा लागला : सामान गुंडाळून परतायचे, की ओस पडलेल्या वसतिगृहात राहायचे? भाड्याचे करार झालेले, विमाने रद्द होत चाललेली आणि घरून आईवडिलांचे काळजीचे दूरध्वनी! बहुतेक परतले. आपल्या जुन्या खोलीत बसून संगणकाच्या पडद्यावर परदेशी प्राध्यापकांची व्याख्याने ऐकू लागले. विद्यापीठांनी ते वर्ष पुरे झाले असे मानण्याची तजवीज केली. परंतु कागदावर पुरे झालेले वर्ष जिभेवर पुरे झाले होते काय?

दुसरा आघात साथीचा नव्हता, राजकीय निर्णयाचा होता. युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश नागरिकाला युरोपातील बहुतेक देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक काळ व्हिसाविना राहता येईनासे झाले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस या विद्यार्थी-विनिमय योजनेतूनही ब्रिटन बाहेर पडले. त्याजागी ट्युरिंग योजना आली. पण ती आपल्या विद्यार्थ्यांना बाहेर पाठवण्यापुरती होती, बाहेरच्यांना बोलावण्यासाठी तिच्यात तरतूद नव्हती. कालपर्यंत पारपत्र दाखवून सीमा ओलांडणारा विद्यार्थी वकिलातीच्या रांगेत उभा राहिला. २०२७ पासून इरॅस्मसमध्ये पुन्हा सहभागी होण्याचा निर्णय ब्रिटनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. चूक उमगण्यास पाच वर्षे लागली. तोवर विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या!

तिसरा आघात सर्वांत कठोर होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. काही दिवसांत युरोपशी विमानवाहतूक तुटली, परदेशी बँकांची कार्डे रशियात चालेनाशी झाली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटिश सरकारने आपल्या नागरिकांना रशियाचा प्रवास सर्वस्वी टाळण्यास सांगितले. रशियन शिकणाऱ्यांसाठी देशच मिटला. मग वाट शोधली गेली. कोणी कझाकस्तानातील अल्माटी गाठले, कोणी किर्गिझस्तानातील बिश्केक, तर कोणी लाटव्हिया-एस्टोनियातील रशियनभाषक वस्त्यांची शहरे. मॉस्कोची पुस्तकी प्रतिमा घेऊन निघालेल्यांना तेथे वेगळेच दर्शन घडले. घरात कझाक किंवा किर्गिझ आणि बाजारात रशियन बोलणारी माणसे त्यांना भेटली. एखादी भाषा साम्राज्याबरोबर कशी पसरते आणि साम्राज्य गेल्यावरही लोकांच्या तोंडी कशी उरते, हा पाठ मॉस्कोतील वर्गात इतक्या स्पष्टपणे क्वचितच मिळाला असता.

असे प्रसंग पूर्वीही आले होते. २०११ मध्ये सीरिया पेटला आणि अरबी शिकणाऱ्या पाश्चात्त्य विद्यार्थ्यांचे आवडते दमास्कस बंद झाले. २०१३ मध्ये इजिप्तमधील सत्तापालटानंतर अलेक्झांड्रियातील अमेरिकन विद्यार्थ्यांचा अरबी वर्ग मोरोक्कोतील मेकनेस येथे हलवावा लागला. इजिप्तची बोली कानात घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला मोरोक्कोची ‘दारिजा’ जवळजवळ नवी भाषाच वाटते. तरीही शिकणारे शिकले. मार्ग बदलला, मुक्काम बदलला. प्रवास थांबला नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढा द्राविडी प्राणायाम हवाच कशाला? आज पडद्यावर जगातील कोणतीही भाषा शिकता येते, यंत्र क्षणात भाषांतर करून देते. हे खरे आहे आणि अडचणीच्या काळात पडद्याने मोठा आधार दिला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु पडद्यावरचा शिक्षक विद्यार्थ्याची चूक समजून घेतो. भाजीवाली समजून घेत नाही. घरमालकाशी बिलावरून घातलेला वाद, आजाऱ्याजवळ बसून काढलेली संध्याकाळ, न कळलेला विनोद आणि तो कळल्यावर चार दिवसांनी आलेले हसू, यांतून भाषा रक्तात उतरते. शब्दाचा अर्थ कोशात असतो. त्याचे वजन समाजात असते.

याची साक्ष मराठीइतकी दुसरी कोण देणार? ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात तरुणपणी आलेल्या मोल्सवर्थने येथील पंडितांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कोशाला आजही अभ्यासकांचे हात लागतात. जर्मनीचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर आणि खंडोबाच्या जत्रांत फिरले, म्हणून महाराष्ट्राच्या लोकधर्माचे मर्म त्यांना सापडले. अमेरिकेहून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीचा अभ्यास केला आणि फलटणलाच आपले गाव मानले. ही माणसे येथे राहिली नसती, तर मराठी त्यांच्यासाठी कपाटातील पुस्तक होऊन राहिली असती.

हा प्रश्न केवळ विलायतेचा नाही. पुणे हे जपानी भाषेच्या अध्ययनाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. मधला थोडा काळ वगळता, मार्च २०२२ पर्यंत नव्या परदेशी विद्यार्थ्यांना जपानची दारे बंद होती. जुलै २०२० ची जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षाही जगभर रद्द झाली. भारतीय विद्यार्थ्यांना चीनचे दार पुन्हा उघडण्यास ऑगस्ट २०२२ उजाडावा लागला. अनेक मध्यमवर्गीय घरांत तेव्हा एकच वाक्य ऐकू येत होते, ‘वर्ष वाया गेले.’ अभियांत्रिकीचे वर्ष बुडाले, तर घर मुलाच्या पाठीशी उभे राहते. भाषेचे वर्ष बुडाले, तर ‘तरी सांगत होतो’ असे ऐकवले जाते. ही दृष्टी बदलली पाहिजे. ज्या राष्ट्राला जगाशी बरोबरीच्या नात्याने बोलायचे आहे, त्याला शेजाऱ्यांची आणि स्पर्धकांची भाषा इंग्रजी अनुवादाच्या ओंजळीने पिऊन चालणार नाही. ती थेट जाणणारी माणसे घडवावी लागतील आणि त्या घडणीत अडथळे येणारच, हे गृहीत धरावे लागेल.

म्हणून विद्यापीठांनी पर्यायी शहर आणि पर्यायी संस्था आधीच निश्चित करून ठेवावी. खंडित वर्षातून आलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेचा विचार न्यायबुद्धीने करावा. परतलेल्यास नंतर काही महिने तरी पुन्हा जाता येईल, अशी आर्थिक सोय करावी. विद्यार्थ्यांनीही ध्यानी घ्यावे की, सीमा बंद झाली तरी माणसे नाहीशी होत नाहीत. त्या भाषेचा वक्ता आपल्याच शहरात सापडतो. तिची नभोवाणी रोज कानावर घेता येते. तिच्यात रोजनिशी लिहिता येते. अल्माटी आणि मेकनेसला गेलेल्या मुलांनी हेच दाखवून दिले.

संकट सांगून येत नाही आणि विद्यार्थ्याचे वय कोणासाठी थांबत नाही. हाती आलेल्या मोडक्या वर्षातूनही जो भाषा जोडून नेतो, त्याच्या पाठीशी घराने आणि विद्यापीठाने उभे राहिले पाहिजे. तेवढे झाले, तर खंडलेले वर्षही कारणी लागेल.