डोळे असले म्हणजे दिसतंच असं नाही

परवा नात्यातल्या एका लग्नात तीन वर्षांच्या मुलीकडे पाहून एक काकू म्हणाल्या, "जरा तिरळी आहे, पण भाग्याची हो!" सगळे हसले. मी मात्र गप्प झालो. मास्तर असताना एका पालकांना मीही सांगितलं होतं, "मोठा झाला की जाईल." तो मुलगा शाळा सोडून गेला तेव्हा चष्मा लावूनही त्या डोळ्याने त्याला फळ्यावरचं अक्षर वाचता येत नव्हतं.

आपल्याला वाटतं, पाहणं हे डोळ्याचं काम. खरं तर हा चेहरा, ही खुर्ची, हे ओळखायला मेंदूला शिकावं लागतं. इचलकरंजीकरांना हे पटायला अवघड नाही. विणकराला चालत्या मागावरचा तुटलेला धागा लांबून दिसतो, मला नुसतं कापड दिसतं. डोळे दोघांचेही ठीक, सराव त्याचा!

जन्मतः आंधळ्या मुलांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून त्यांचं पाहणं अभ्यासणारा 'प्रकाश' प्रकल्प पवन सिन्हा यांनी दिल्लीत उभा केला. २०११ साली त्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या ५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताने चाचपलेली वस्तू ऑपरेशननंतर लगेच नुसत्या नजरेने त्यांना ओळखता येईना. पण काही दिवसांतच जमू लागलं! उलट कॅनडातल्या २००१ सालच्या अभ्यासात, तान्हेपणीच मोतीबिंदू काढलेल्या मुलांनाही कित्येक वर्षांनंतर, डोळे-नाक-तोंड यांच्यातल्या अंतरावरून चेहरे वेगळे ओळखणं जड गेलं. सुरुवातीचे थोडे महिनेच काय ते हुकले होते.

म्हणजे उशीर महागात पडतो, पण उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नयेत.

तिरळेपणाचंही असंच. दोन डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत, म्हणून मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. लहान वयात डॉक्टर चांगला डोळा रोज काही तास झाकायला सांगतात आणि दुसऱ्याला कामाला लावतात. वय वाढेल तसं ते अवघड होत जातं.

२०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते. पण मूल आधी दिसतं ते घरच्यांना. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तिरळेपणाला भाग्य म्हणणं आपण आजी-आजोबांनी आता बंद करावं.

असो. लग्नात मी काकूंना काही बोललो नाही. रात्री मात्र त्या मुलीच्या आईला फोन केला.