डाव त्यांचा, जागरण आमचं

पोकर खेळणाऱ्यांच्या प्रकृतीची हल्ली बरीच काळजी वाहिली जाते. रात्र रात्र टेबलाशी बसून पाठ धरते, झोपेचं तंत्र बिघडतं, वजन वाढतं, चाळिशीनंतर एकाग्रता टिकत नाही, सतत हरण्याजिंकण्याने मन थकतं, असं सांगितलं जातं. मग उपाय येतात. वेळेवर झोपा, सकस आहार घ्या, रोज चाला, ध्यान करा. म्हणजे पन्नाशीनंतरही उत्तम खेळता येईल! हा उपदेश वाचला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की तो सकस आहार शिजवणार कोण?

प्रश्न खवचट वाटेल. पण आठवड्यातले दोन दिवस मी सल्ला केंद्रात बसते आणि तिथे मला या खेळाची दुसरी बाजू दिसते.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. वय त्रेपन्न. नवऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. ‘‘ते दारू पीत नाहीत, हात उगारत नाहीत,’’ अशीच त्यांनी सुरुवात केली, जणू तक्रार करायचा आपल्याला हक्क नाही हे आधीच कबूल करून टाकलं. रात्री दहाला नवरा बाहेरच्या खोलीत बसतो. एकाच वेळी चार टेबलांवर खेळतो. पहाटे तीनला चहा लागतो. हरला की दोन दिवस घरात कुणाशी बोलत नाही. जिंकला तर आणखी खेळतो. निवृत्तीच्या पैशातला निम्मा गेला, मग बाईंच्या बांगड्या गेल्या. बाईंना झोप नाही, छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात. डॉक्टरांकडे गेल्या तर ते म्हणाले, ‘‘पाळी जायच्या वयात असं व्हायचंच,’’ आणि गोळ्या लिहून दिल्या.

मैत्रिणींनो, नीट बघा. एकाच घरात, एकाच रात्री दोन माणसं जागी आहेत. त्याच्या जागरणाला नाव आहे ‘जीवनशैली’. तिच्या जागरणाला नाव आहे ‘ते वय’. त्याच्या थकव्यावर लेख लिहिले जातात, तिच्या थकव्यावर गोळी मिळते. पोकरवाल्यांचं मानसिक आरोग्य आणि म्हातारपण यांची चर्चा जरूर करा, पण त्या घरात म्हातारं कोण होतंय ते आधी मोजा.

कौशल्य की नशीब?

आपल्या देशात जुगाराविषयी एकच प्रश्न शंभराहून अधिक वर्षं विचारला गेला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत फरक केला. १९६७ साली त्याच न्यायालयाने रमीत पत्ते लक्षात ठेवणं, लावणं हे मुख्यतः कौशल्य आहे असं म्हटलं. पुढे मोबाइलवर रमी आणि पोकर विकणाऱ्या कंपन्या याच आधारावर उभ्या राहिल्या.

पोकरमध्ये कौशल्य नाही असं मी म्हणणार नाही. हातात दोन पाने, टेबलावर पाच पाने, समोरच्याने बोली का वाढवली याचा अंदाज, हे सगळं शिकावं लागतं. पण कौशल्य आहे म्हणून घर वाचतं का? साधा हिशेब करा. सहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. टेबलावर सहा हजार. टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपली कात्री लावतो. समजा शेकडा पाच. हजार रुपयांचे चाळीस डाव झाले की दोन हजार रुपये त्याच्या खिशात गेले. सहा हजारांचे चार हजार उरले. आता या सहा जणांनी कितीही बुद्धी चालवली तरी सगळ्यांची मिळून रक्कम चार हजारच! हुशार असेल तो कमी हुशाराचे पैसे नेईल. म्हणजे एका बायकोच्या बांगड्या दुसऱ्याच्या घरी जातील, आणि दोघींच्या मधला वाटा मालक घेईल. यालाच बुद्धीचा खेळ म्हणतात.

स्वप्न मात्र फार मोठं विकलं जातं. २००३ साली अमेरिकेत ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने इंटरनेटवरच्या छोट्या स्पर्धेतून प्रवेश मिळवला आणि लास व्हेगासची पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली. पंचवीस लाख डॉलर मिळाले. त्यानंतर घरबसल्या पोकर खेळणाऱ्यांची लाट आली. तो एक जिंकला हे जगाला माहीत झालं. जे हरले त्यांच्या घरच्यांना विचारायला कुणी गेलं नाही.

द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? वडीलधारे धर्माचा काथ्याकूट करत बसले आणि डोळ्यांदेखत व्हायचं ते झालं. कौशल्य की नशीब हा वाद मला त्या काथ्याकुटासारखा वाटतो. पणाला काय लावलं आणि ते कुणाचं होतं, हा खरा प्रश्न.

यात वर्गाचाही भेद आहे. १९६०च्या दशकात मुंबईत मटका फोफावला. गिरणगावातल्या बायकांनी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी उभं राहून नवऱ्याच्या हातातला पैसा वाचवायची धडपड केली. मटका हा गुन्हा, तिथे पोलिसांची धाड. पोकर मात्र इंग्रजी बोलणारा, म्हणून तो खेळ! २०१८ साली केंद्र सरकारने आपापल्या क्षेत्रात पहिलं पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव केला, त्यात एक व्यावसायिक पोकर खेळाडूही होती. त्या तरुणीविषयी मला काही म्हणायचं नाही. पुरुषांच्या टेबलावर ती बसली, हे धाडसच. पण पुरुषांच्या बरोबरीने जुगाराच्या टेबलावर जागा मिळणं ही आपली मुक्ती आहे का, हे आपण विचारायला हवं. जुलै २०२५ मध्ये तर विधान परिषदेत आपल्या राज्याचे कृषिमंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत पुढे आली. मंत्र्यांनी इन्कार केला. त्यांचं खातं बदललं आणि मिळालं ते क्रीडा खातं!

आजार आहे, सबब नाही

जुगाराचं व्यसन हा मनाचा आजार आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली त्याची नोंद केली आणि २०१३ साली त्याला दारू आणि इतर अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो आहे. लक्षणं ओळखीची आहेत. तेवढीच धुंदी यावी म्हणून रक्कम वाढवत नेणं, थांबवलं की चिडचिड, हरलेलं परत मिळवायला पुन्हा बसणं, घरच्यांशी खोटं बोलणं, उधारी. कर्ज आणि शरम यांतून जीव देण्याचे विचार येतात, हेही आपण ध्यानात ठेवलं पाहिजे.

म्हातारपणाशी याचा आणखी एक संबंध आहे, तो फार कमी जणींना माहीत असतो. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे जन्मात पत्त्यांना हात न लावलेल्या माणसालाही जुगाराची अनावर ओढ लागू शकते. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही माणसाचा तोल असा जातो. सासरे किंवा आई उतारवयात एकाएकी पैसे उधळू लागले तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हिणवू नका. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचारा. औषध मनाने बंदही करू नका.

पण आजार म्हटलं की आपल्या घरात काय होतं तेही आपण जाणतो. त्याला आजार म्हणजे तिला सेवा. ‘‘सांभाळून घे, तो आजारी आहे.’’ दारूच्या बाबतीत हेच ऐकलं, आता पत्त्यांच्या बाबतीतही ऐकतो आहोत. उपचार त्याने घ्यायचे आहेत. तिने आणखी जागायचं नाही, आणखी दागिने द्यायचे नाहीत, बचत गटाचं कर्ज आपल्या सहीने काढून त्याची देणी फेडायची नाहीत.

माझी चूक

आता स्वतःविषयी लिहिते. त्या त्रेपन्न वर्षांच्या बाईंच्या आधी काही महिने आणखी एक जण आल्या होत्या. एकसष्ट वर्षांच्या, एकट्या, निवृत्त परिचारिका. मुलगा परदेशी. तक्रार कुणाविरुद्ध असं मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘माझ्याच विरुद्ध.’’ रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर रमी सुरू केली होती. आधी फुकट, मग दहा रुपये, मग पेन्शन. मी ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘अहो बाई, या वयात हे शोभतं का तुम्हाला?’’ त्या उठल्या, पर्स घेतली आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

पुरुषाला आजार आणि बाईला शोभा! इतकी वर्षं चळवळीत काढून माझ्या तोंडी सासूचं वाक्य आलं. आमच्या नोंदणीच्या कागदावर दारू, मारहाण, संशय, हुंडा, दुसरं लग्न असे रकाने होते. जुगार ‘इतर’मध्ये. आणि बाई स्वतःच जुगार खेळत असेल, तर तिच्यासाठी कागदच नव्हता. आपण बाईला बायको म्हणूनच पाहत आलो. तिचा एकटेपणा, रिकाम्या घरातली रात्र, विरंगुळ्याची भूक आपल्या रकान्यात बसली नाही. ती भूक कंपन्यांना मात्र बरोबर कळली.

पत्त्यांना माझा विरोध नाही. मेंढीकोट, बदामसात खेळत आपल्या आज्यांनी दुपारी घालवल्या. चार बायका गोल करून बसाव्यात, हसाव्यात, भांडाव्यात. ती मैत्री आहे. एकटीने अंधारात पेन्शन हरणं हे त्या मैत्रीचं सोंग आहे.

बंदी आली, पुढे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब हा भेदच काढून टाकला आणि शिक्षा खेळणाऱ्याला नव्हे, तर खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला ठेवली. याचं मी स्वागत करते. पण कंपन्या लगेच न्यायालयात गेल्या. चोरवाटा आहेतच. आणि मांडवी नदीत तरंगणाऱ्या कॅसिनोंना हा कायदा लागू नाही. गोव्यात १९९६ साली कायद्यात बदल करून जहाजांवर जुगाराला वाट दिली गेली. पुढे २०२० साली गोवा सरकारने आपल्याच रहिवाशांना तिथे खेळायला मनाई केली. आपल्या घरासाठी वाईट ते शेजारच्या घरासाठी बरं, हा कुठला न्याय? तिथे जाणाऱ्या गाड्यांत पुण्या-मुंबईची, कोल्हापूर-बेळगावची घरं बसलेली असतात.

बंदीने दुकान बंद होतं, आजार बंद होत नाही आणि कर्ज फिटत नाही. म्हणून आपल्या गटांपुढे काही गोष्टी मांडते. प्रत्येक सल्ला केंद्राच्या नोंदीत जुगाराचा वेगळा रकाना करा आणि तो बाईलाही विचारा, न लाजवता विचारा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार आहे. स्त्रीधन विकू नये, सामाईक खात्याला हात लावू नये असा मनाई आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. मारहाण नाही म्हणून बाईला परत पाठवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक केंद्राच्या भिंतीवर लावा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्या बाईचीही वेगळी तपासणी व्हावी, अशी मागणी करा. उभी बाटली आडवी करायला आपण गावोगाव मतदान घडवलं. इथे बाटली दिसत नाही, वास येत नाही, एवढाच फरक.

त्रेपन्न वर्षांच्या बाईंनी मनाई आदेशासाठी अर्ज केला आहे. आता त्या रात्री दहाला आतल्या खोलीची कडी लावून झोपतात. पहाटेचा चहा बंद झाला. नवरा उपचाराला जाईल की नाही, सांगता येत नाही. त्या परिचारिकाबाईंचा पत्ता मात्र माझ्याकडे नाही. कागदावर लिहून घ्यायच्या आधीच मी त्यांना घालवलं होतं. हा अंक त्यांच्या हाती पडला तर एवढंच सांगते, मंगळवारी आणि शुक्रवारी मी केंद्रात असते. या वेळी मी ऐकेन.