उसने पुष्पक

उसनवारी ही आपल्या मध्यमवर्गीय संसारातली एक जुनी आणि मानाची संस्था आहे. वाटीभर साखर, विरजणापुरते दही, पाहुणे आले की शेजारची गादी, लग्नकार्यात वहिनींची पैठणी, अशा कितीतरी वस्तू चाळीच्या गॅलरीतून इकडून तिकडे जात आल्या आणि संसार त्यांच्या आधाराने तरून गेले. उसनी वस्तू माणसाला दोन गोष्टी शिकवते. ती जपून वापरायची आणि वेळेवर परत करायची. विकत घेतलेल्या वस्तूने यातले काही शिकवल्याचे मला आठवत नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावर एकाच आठवड्यात आमच्या घरी अशा दोन वस्तू आल्या. एक मोटारगाडी, चोवीस तासांच्या भाड्याने, आणि एक अद्भुतरम्य कादंबरी, कन्येच्या मैत्रिणीकडून. गाडीला तासांची मुदत होती, कादंबरीला नव्हती. या दोहोंपैकी अद्भुताचा अनुभव मला कोणी दिला, हे सांगण्यासाठी आजचा मजकूर.

आधी गाडीचे कारण सांगतो. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या संसाराची पहिली तीस वर्षे गिरगावातल्या एका चाळीत गेली. त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तिची एक मैत्रीण अजून राहते. चाळीला पुनर्विकासाची नोटीस लागल्याची बातमी आली आणि आईने एके दिवशी जेवताना विषय काढला.

"अरे, चाळ पाडायच्या आधी एकदा जाऊन येऊ या. तिचा चकलीचा सोऱ्या माझ्याकडे राहिलाय."

पितळेचा तो सोऱ्या मी लहानपणापासून आमचाच समजत आलो होतो. आम्ही गिरगाव सोडून डोंबिवलीला आलो, तेव्हा सामानाच्या गडबडीत तो आमच्या ट्रंकेत आला. त्यालाही आता तीस-पस्तीस दिवाळ्या होऊन गेल्या. पण उसने ते उसनेच!

आईच्या गुडघ्यांना लोकलचे जिने जमत नाहीत. टॅक्सी करावी तर दुसरीच अडचण. आई टॅक्सीत बसली की रस्ता पाहत नाही, मीटर पाहते. बाहेर गाडी खोळंबली आहे या विचाराने ती कोणाच्या घरी पुरता चहासुद्धा घेत नाही. तेव्हा दिवसभराची गाडी भाड्याने आणायची आणि ती मीच हाकायची, असे ठरले. माझ्याकडे परवाना आहे, हात बसलेला आहे. फक्त गाडी नाही, कारण ती ठेवायला जागा नाही.

"अहो, मुंबईत चालवणार तुम्ही?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. या प्रश्नात काळजी किती आणि साहित्यसमीक्षा किती, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने देण्याचा हा व्यवहार वाटतो तितका नवा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या आधाराने केंद्र सरकारने त्याची योजना १९८९ सालीच केली. अशा गाडीची ओळख तिच्या पाटीवरून पटते. घरच्या गाडीची पाटी पांढरी व अक्षरे काळी, टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी, आणि या भाड्याच्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी. आईने ती पाहिली आणि म्हणाली, "शाळेच्या पाटीसारखी आहे रे. लिहायचं नि पुसायचं."

गाडी घेऊन आलेल्या मुलाने मोबाईलवर भाडेकरार दाखवला. त्यात सत्तावीस अटी होत्या. गाडी ठरलेल्या वेळी परत करावी, उशीर झाल्यास तासागणिक दंड. टाकीत जितके पेट्रोल मिळाले तितकेच भरून द्यावे. ठरावीक किलोमीटरच्या पुढे गेल्यास प्रत्येक किलोमीटरला जादा आकार. दुसऱ्या कोणाच्या हाती चाक देऊ नये. अनामत रक्कम आधी भरावी. मी गाडीभोवती प्रदक्षिणा घालून प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला. मग पेट्रोलच्या झाकणाची कळ कुठे, मागची काच पुसायची कशी, असे इतके प्रश्न विचारले की तो मुलगा जांभया देऊ लागला.

माझ्या प्रश्नांना आधार होता. अरबी कथांत एक लाकडी उडता घोडा येतो. राजपुत्र त्यावर बसतो, खुंटी पिळतो आणि घोडा आकाशात जातो. खाली कसे यायचे हे मात्र त्याने विचारलेले नसते! वर सूर्य, खाली पृथ्वी, आणि हा बिचारा घोड्याचे अंग चाचपत दुसरी खुंटी शोधतो आहे. शेकडो वर्षे झाली तरी या प्रसंगाने वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. घोडा उडतो हे आपण एका वाक्यात मान्य करतो. खरी गोष्ट सुरू होते ती तो उतरेल का, या शंकेपाशी.

आता कादंबरीकडे वळतो. तिचे नाव सांगत नाही. लेखकाने मेहनत केली आहे आणि अनुवादकाने त्याहून जास्त. पाने सहाशेच्या वर. आरंभी नकाशा. एक अनाथ मुलगा, एक भविष्यवाणी, एक तलवार आणि उत्तरेकडून येणारा अंधार. मी मोठ्या आशेने सुरुवात केली. अद्भुताचे मला वावडे नाही. आपल्या भाषेत या साहित्यप्रकाराचे नावच मुळी बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत 'कादंबरी'वरून आले. तिच्यात एक पोपट गोष्ट सांगतो आणि प्रेमिक एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जातात. लहानपणी नाथमाधवांच्या 'वीरधवल'पायी माझा अभ्यास बुडाला होता. शिकारीला गेलेले नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि त्यांचे कमरेखालचे अंग कायमचे लुळे झाले. अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाने मराठी मुलांना घोड्यावर बसवून रानोमाळ दौडवले. म्हणून अद्भुत म्हणजे पोरखेळ, असे म्हणण्याची मला छाती होत नाही.

परंतु या कादंबरीत गोष्ट कशी चालते पाहा. नायक संकटात सापडला की तळहात उंचावतो, निळा प्रकाश पडतो आणि संकट टळते. मी मोजले, असे अकरा वेळा होते. त्या प्रकाशाची किंमत कोणी मोजत नाही. त्याला मुदत नाही, मर्यादा नाही, त्याने नायकाचा हातसुद्धा दुखत नाही. घोडे सहा-सहा दिवस धावतात आणि दाणा खात नाहीत. नदी ओलांडताना नावाड्याला कोणी पैसे देत नाही. राजा, नावाडी आणि राक्षस तिघेही एकाच तोंडाने बोलतात.

आपल्या जुन्या कथाकारांना हे खपले नसते. शाप दिला की उःशापही द्यायचा आणि त्याची अट सांगायची, हा त्यांचा दंडक. विक्रमाला वेताळ खांद्यावरून नेता येतो, पण मौन पाळून. व्रताच्या कहाणीत देवी प्रसन्न होते तीही वसा न टाकण्याच्या अटीवर. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन हे भाषेचे अभ्यासक. १९५४-५५ साली तीन खंडांत निघालेल्या त्यांच्या अंगठीच्या कथेत अंगठी बोटात घातली की माणूस अदृश्य होतो, पण प्रत्येक वेळी त्याच्या मनाचा एक लचका तुटतो. शिवाय त्यांच्या बुटक्या वीरांना वेळेवर भूक लागते. परीकथांवर १९३९ साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी हेच सांगितले होते, की कल्पित जगाला त्याचे स्वतःचे नियम हवेत आणि ते लेखकाने पाळायला हवेत. म्हणजे तिथेही भाडेकरार आलाच.

नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली 'मंजुघोषा' लिहिली तेव्हा प्रस्तावनेत एक अडचण मांडली. आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात चटकदार असे काही घडतच नाही, तेव्हा मनोरंजक लिहायचे तर अद्भुताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्या म्हणण्याचा आशय. वर्गात ही प्रस्तावना मी बरीच वर्षे शिकवतो आहे. मुले हसतात. मी गंभीर राहतो, कारण उत्तर मलाही चटकन सुचत नसे.

गिरगावात पोचल्यावर पहिले संकट उभे राहिले. गाडी लावायला जागा नव्हती. चाळीसमोर एका टेम्पोच्या मागे कशीबशी उभी केली, पण ती सोडून जाण्याची सोय नव्हती. दुसरे संकट आम्ही घरूनच बरोबर आणले होते. लाकडी जिना, दोन मजले, आणि आईचे गुडघे. मैत्रिणीला तर खाली येणे शक्यच नव्हते. ती वर्षभर घराबाहेर पडलेली नाही. ती गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती, आई खाली रस्त्यावर, मांडीएवढ्या पिशवीत सोऱ्या घेऊन. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या. वीस-बावीस फुटांचे अंतर. डोंबिवलीहून पन्नास किलोमीटर आलो, ते या वीस फुटांपाशी अडलो.

इथे निळा प्रकाश पडला नाही. तळमजल्यावरचे दोन तरुण बाहेर आले. "आजी, बसा," म्हणून त्यांनी एक लाकडी खुर्ची पुढे केली. एकाने पाठ धरली, दुसऱ्याने पाय. प्रत्येक वळणावर ते थांबत, दम घेत. एकाचा खांदा भिंतीला घासला. आईने एका हाताने खुर्ची धरली होती आणि दुसऱ्याने सोऱ्या. ती वर पोचली तेव्हा गॅलरीत उभ्या असलेल्या चार-सहा माणसांनी उगाचच टाळ्या वाजवल्या.

सौभाग्यवती तिच्याबरोबर वर गेल्या. मी चाकापाशी बसून राहिलो. हाताशी ती कादंबरी होती. पुढचे दोन तास मी ती वाचून संपवली. शेवटच्या लढाईत नायक पंख नसताना उडाला, आणि मी पान उलटता उलटता वरच्या गॅलरीकडे पाहत होतो. त्या खुर्चीवर बसून केलेल्या दोन मजल्यांच्या प्रवासापुढे ते उड्डाण मला फार स्वस्त वाटले.

वर काय झाले ते मला नंतर कळले. मैत्रिणीने सोऱ्या हातात घेऊन आधी पिशवीत पाहिले. आईने चकल्या करून नेल्या होत्या. उसने भांडे रिकामे परत द्यायचे नसते. मग ती म्हणाली, "आता माझ्याच्याने फिरवणं होतंय का गं?" आईला वाटले ती तो परत देणार. पण तिने उठून तो फळीवर ठेवला. फळीवर त्याची जागा इतकी वर्षे मोकळीच होती. ती खोली पुढच्या दिवाळीला तिथे असणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होते. त्याविषयी कोणी बोलले नाही.

परतताना जरा वाकडी वाट करून आईला किनारी रस्ता दाखवला. २०२४ साली तो वाहतुकीला खुला झाला. मरीन ड्राइव्हवरून गाडी बोगद्यात शिरते आणि मलबार हिलच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटर जाऊन पलीकडे समुद्रापाशी निघते. तोपर्यंत आई गप्प होती. बोगद्यात तिने विचारले, "वर काय आहे रे?"

"मलबार हिल."

"म्हणजे आपण म्हातारीच्या बुटाखालून चाललोय!" ती म्हणाली आणि गिरगाव सोडल्यापासून पहिल्यांदा हसली.

रात्री गाडी परत केली. मुलाने बॅटरी पाडून पाहणी केली आणि मागच्या दारावरचा एक ओरखडा दाखवला. मी सकाळचा फोटो दाखवला. तो काही बोलला नाही. अनामत रक्कम सात दिवसांत मिळेल म्हणाला, ती नवव्या दिवशी आली.

कन्येने कादंबरीबद्दल विचारले तेव्हा मी जे वाटले ते सांगितले. तिला वाईट वाटेल ही धास्ती होती, कारण मैत्रिणीचे ते लाडके पुस्तक आहे. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बाबा, म्हणजे त्याला सगळं फुकट मिळतं, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असंच ना?" सहाशे पानांवरचे याहून नेटके परीक्षण मला लिहिता आले नसते.

रामायणातले पुष्पक विमान लहानपणी आवडते ते उडते म्हणून. आता मला त्याचा वेगळाच भाग आवडतो. ते विमान कुबेराचे. रावणाने ते हिसकावून घेतले. रामाने लंकेहून येताना ते एकदा वापरले, आणि नंदिग्रामाला उतरताच कुबेराकडे परत पाठवून दिले. असे वाहन हाती आलेले असताना, घर दोन पावलांवर असताना, त्याला आधी मूळ मालक आठवला.

आईलाही आता सगळे मालक आठवू लागले आहेत. माळा काढायला घेतला आहे. एक पुरणयंत्र दादरचे निघाले, एक समई ठाण्याची, आणि एका तांब्यावर कोणाचे नाव आहे ते भिंग घेऊन वाचण्याचे काम चालू आहे. काळ्या पाटीची गाडी पुन्हा आणावी लागणार, अशी चिन्हे दिसत आहेत.