"ते फितूर झाले" एवढ्यावर पाठ संपत नाही



महादजी शिंदे यांचा पाठ शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, डी बॉईन गोरा होता ना? मग तो आपल्या बाजूनं कसा लढला?" पुढे १८०३ चं इंग्रज-मराठा युद्ध आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी उत्तरही देतं, "शेवटी गोरे फितूरच झाले!" आपण मान डोलावतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मला वाटतं, इथंच आपलं चुकतं.

आधी माणूस समजून घेऊ. डी बॉईनला आपण सर्रास फ्रेंच म्हणतो. पण तो १७५१ मध्ये सॅव्हॉय प्रांतातल्या शांबेरी इथं जन्मला, आणि सॅव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता. तो आधी फ्रान्सच्या फौजेत होता, मग रशियाच्या. तुर्कांच्या कैदेत पडला, सुटला, मद्रासला इंग्रज कंपनीच्या पलटणीत राहिला आणि १७८४ मध्ये महादजींच्या चाकरीत आला. म्हणजे तलवार हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता.

त्यानं काम मात्र चोख केलं. कवायती पायदळाचे कंपू उभे राहिले. आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. पलटणींच्या खर्चासाठी महादजींनी गंगा-यमुनेच्या दोआबातला मुलूख तोडून दिला, त्यामुळे शिपायाला पगार वेळेवर मिळू लागला. त्या काळात फौजेचे पगार महिनोन् महिने थकायचे, हे लक्षात घेतलं की याचं मोल कळतं. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथले विजय याच फौजेनं मिळवून दिले.

पण या फौजेत एक मोठी उणीव होती. शिपाई आपले, गोलंदाज आपले, पैसा आपला. पलटणीचा हुकूम मात्र गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडून. आपला माणूस सुभेदार व्हायचा आणि तिथंच थांबायचा.

१७९४ मध्ये महादजी गेले. डी बॉईनही मोठी संपत्ती घेऊन युरोपला परतला. दौलतराव शिंद्यांच्या काळात फौज पेरॉनच्या हाती आली. १८०३ मध्ये युद्धाला तोंड फुटलं, तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीनं जाहीरनामा काढला: शिंद्यांची नोकरी सोडून या, तुमची सोय आम्ही लावू. बरेच अधिकारी गेले. अलीगडच्या किल्ल्याची वाट इंग्रजांना दाखवणारा लुकनसुद्धा आधी शिंद्यांच्याच नोकरीत होता. पेरॉननं स्वतः इंग्रजांचा आश्रय घेतला.

आता पुढचा भाग मुलांना सांगाच. ज्यांचे अधिकारी निघून गेले, त्या पलटणी पळाल्या नाहीत. १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवरजवळ लासवारीला त्या गोऱ्या अधिकाऱ्यांशिवाय लढल्या. गोलंदाज तोफेपाशी उभे राहिले आणि तिथंच संगिनीनं मारले गेले. यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री नव्हती, अशी कबुली जिंकणाऱ्या जनरल लेकनंच दिली. त्याआधी २३ सप्टेंबरला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला पोलमान या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली हेच शिंद्यांचे कवायती शिपाई आणि गोलंदाज इतके चिवट लढले, की इंग्रजांची दीड हजारांवर माणसं ठार-जखमी झाली. पेरॉनचं नाव आपल्याला पाठ असतं. त्या गोलंदाजांपैकी एकाचं तरी नाव आपण सांगू शकतो का?

कोणी म्हणेल, पगारी माणूस असाच असायचा. मग इब्राहीमखान गारदी आठवा. तोही पगारीच. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला, आधी निजामाकडे असलेला, मग पेशव्यांकडे आला. १७६१ मध्ये पानिपतावर तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि अब्दालीच्या गोटात मारला गेला. म्हणजे पगार घेणारा प्रत्येक जण फितूर नसतो. शिवाय, कवायती फौज चालवणं आपल्या माणसाला जमत नव्हतं, असंही नाही. पानिपतानंतर तीस-चाळीस वर्षं हातात असताना असे आणखी इब्राहीमखान का घडवले नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

माझं मत स्पष्ट आहे. बाहेरून जाणकार आणणं ही महादजींची चूक नव्हती, ती दूरदृष्टी होती. चूक झाली ती विद्या विकत घेऊन ती आपल्या माणसांत न रुजवण्याची. शिकवणारा निघून गेल्यावर जे आपल्याकडे उरतं, तेवढंच आपलं शिक्षण. आपण शिक्षक आहोत, ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणून यंदा हा पाठ घेताना "कोण फितूर झाले?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. फळ्यावर दोनच प्रश्न लिहा: "अधिकारी गेल्यावर कोण उभं राहिलं?" आणि "त्यांना अधिकारी का केलं नव्हतं?" मुलांना बोलू द्या. तुमच्या वर्गात काय उत्तरं आली, ती मलाही जरूर कळवा.